डोलकाठीखालची तुळई

जुन्या लाकडी शिडाच्या बोटीत डोलकाठी बहुधा डेकवर उभी नसते. डेकला पाडलेल्या भोकातून ती खाली उतरते आणि थेट बोटीच्या कण्यावर, म्हणजे कीलवर टेकते. त्यामुळे माणसांच्या राहायच्या जागेतून मधोमध एक जाडजूड खांब जातो. खलाशांना त्याची सवय होती. पण १९५०च्या दशकाअखेरीस अमेरिकेत फायबरग्लासच्या बोटी विकायला आल्या, तेव्हा गिऱ्हाईक वेगळं होतं: सुट्टीच्या दिवशी बायकामुलांना घेऊन पाण्यावर जाणारा नोकरदार. त्याला केबिनमध्ये ऐसपैस जागा हवी होती.

अशा बोटींचे आराखडे काढणाऱ्यांत कार्ल आल्बर्ग हे मोठं नाव. जन्म १९०० सालचा, स्वीडनमधल्या गोथेनबर्गचा. पिअर्सन नावाच्या दोघा चुलतभावांसाठी त्याने काढलेली ट्रायटन ही बोट १९५९ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात आली. १९६२मध्ये कॅनडातल्या व्हिटबी बोट वर्क्सने त्याचीच ‘आल्बर्ग ३०’ बांधायला घेतली. लांबी तीस फुटांच्या किंचित वर, वजन सुमारे ९,००० पौंड. अशा सातशेहून अधिक बोटी झाल्या.

या बोटीत डोलकाठी केबिनच्या छतावरच थांबते. छताखाली, पुढच्या खोलीच्या दाराच्या वर, लाकडाचे थर चिकटवून केलेली एक आडवी तुळई आहे. डोलकाठीचा भार तुळईवर, तुळईचा दाराच्या दोन्ही बाजूंच्या आधारांवर आणि तिथून खाली. मधली वाट मोकळी.

हा भार नुसत्या काठीच्या वजनाचा नाही. डोलकाठी उभी राहते ती दोन्ही बाजूंनी ताणलेल्या तारांमुळे, आणि प्रत्येक तार तिला खालीही दाबत असते. वाऱ्याने बोट कलली की हा दाब बोटीच्या वजनाशी तुलना व्हावी इतका वाढतो. दहा-वीस वर्षं हे सोसल्यावर तुळई मधोमध झुकते. वरून विजेच्या तारांच्या भोकातून पाणी झिरपत असेल, तर लाकूड कुजतं ते वेगळंच.

लक्षणं गमतीशीर असतात. आतलं दार अडकायला लागतं. डोलकाठीभोवती छताला तडे जातात. तारा सैल पडतात. मालक पाना घेऊन त्या आवळतो, म्हणजे काठी आणखी जोरात खाली दाबतो. पुढच्या महिन्यात त्या पुन्हा सैल. (मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे या मालकाबद्दल मला बंधुभाव वाटतो.)

आल्बर्गला दोष द्यायला मात्र मी तयार नाही. फायबरग्लासचं कवच किती वर्षं टिकेल, हे १९६२मध्ये कुणालाच माहीत नव्हतं. कवच टिकलं. इव्ह झेलिना हा क्वेबेकचा माणूस १९८१ साली आल्बर्ग ३० घेऊन एकटा जगप्रदक्षिणेला निघाला. प्रशांत महासागरात बोट उलटली, डोलकाठी गेली, पण कवच शाबूत राहिलं. चॅटम बेटांवर दुरुस्ती करून त्याने १९८३मध्ये फेरी पुरी केली. इतकं टणक कवच आणि पोटात डिंकाने चिकटवलेली लाकडी तुळई, यांचं आयुष्य सारखं असणार कसं?

दुरुस्तीत आधी तारा ढिल्या करतात, शक्यतो डोलकाठीच उतरवतात. मग गाडीचा हायड्रॉलिक जॅक आणि एक लाकडी ठोकळा घेऊन छत खालून उचलायचं. इथे घाई केली तर नवे तडे. थोडं उचलायचं, थांबायचं, पुन्हा थोडं. छताच्या दोन पापुद्र्यांमधलं कुजलेलं लाकूड खरवडून काढायचं आणि डोलकाठीच्या बुडाखाली न दबणारा भरीव थर घालायचा. दाराच्या दोन्ही बाजूंचे आधार खालपर्यंत नीट टेकलेत ना, तेही पाहायचं. ते खचले असतील तर नवी तुळईही झुकणार.

मग तुळईचं काय, हा प्रश्न उरतो. नवी बसवता येते, किंवा जुनीच्या दोन्ही अंगांना धातूच्या पट्ट्या लावून आरपार बोल्ट मारता येतात. तिसरा उपाय सगळ्यांत भक्कम: डोलकाठीच्या बरोबर खाली, वाटेच्या मधोमध, कीलपर्यंत एक खांब. इंजिनियर म्हणून मी खांबच निवडला असता. पण पुढच्या खोलीत जाताना दर वेळी अंग चोरावं लागतं, आणि बोट घेतली होती ती त्या वाटेसाठीच. त्यामुळे पट्ट्या लावणारेही पुष्कळ. जॅक काढून, तारा पुन्हा ताणून झाल्या की ते सगळ्यांत आधी आतलं दार लावून बघतात.