स्वादुपिंडाची बातमी शेजाऱ्याकडून

#धागा #विज्ञानाचा_इतिहास

जठरामागे, पाठीच्या कण्यालगत दडलेले स्वादुपिंड म्हणजे वैद्यकाच्या इतिहासातील दुर्गम किल्ला. तेथील कर्करोग कावीळ वा वेदनेच्या रूपाने प्रकट होईतो शस्त्रक्रियेची वेळ बहुधा टळलेली असते. आधीच तपासावे म्हणून अवयवाला धक्का लावावा, तर सूज येऊन तेच जिवावर बेतू शकते.

या कोंडीतून निघणारी वाट आधी तोंडाच्या कर्करोगात दिसली. १९५३ साली डॅनली स्लॉटर व सहकाऱ्यांनी ७८३ रुग्णांचा अभ्यास मांडला. गाठीभोवतीच्या अस्तरातही बिघाड होता. म्हणजे रोग एका बिंदूत नव्हे, क्षेत्रात रुजतो. मग किल्ल्यात न शिरता तटाबाहेरच्या मातीवरून आतली बातमी काढता येईल काय?

दुसरा धागा भौतिकशास्त्राचा. पाण्यात तरंगणाऱ्या पॉलिस्टायरीनच्या सूक्ष्म कणांवर प्रकाश टाकला, की आल्या दिशेने परतणारा प्रकाश अपेक्षेहून उजळ दिसतो. १९८५ साली नेदरलँड्स व फ्रान्समधील दोन गटांनी हे स्वतंत्रपणे मोजले. त्यांच्या मनात रुग्ण नव्हतेच. कुतूहल होते ते लहरींच्या वर्तनाचे!

हे दोन्ही धागे शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात व्हादिम बॅकमन यांच्या प्रयोगशाळेत एकत्र आले. स्वादुपिंडाची नलिका लहान आतड्याच्या आरंभी उघडते आणि तिथवर दुर्बीण सहज पोहोचते. त्या मुखालगतच्या अस्तराचे तुकडे काढून त्यांवरून विखुरणारा प्रकाश मोजण्यात आला. सूक्ष्मदर्शकाखाली हे तुकडे निरोगीच दिसत. साध्या सूक्ष्मदर्शकाची नजर सुमारे २०० नॅनोमीटरपाशी थांबते. पेशींतील त्याहून बारीक रचनाबदलांचा माग मात्र विखुरलेल्या प्रकाशात उमटतो.

२००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: १९ कर्करुग्ण, ३२ इतर. ९५ टक्के रुग्ण ओळखले गेले, ९१ टक्के निरोगी निरोगीच ठरले.

आकडे मोहक, पण माणसे अवघी ५१, आणि त्यांतील रुग्णांचे निदान आधीच झालेले. हीच ९१ टक्क्यांची चाळणी हजार निरोगी लोकांना लावली, तर नव्वद जणांच्या वाट्याला विनाकारण धास्ती आणि पुढील जोखमीच्या तपासण्या येतील. स्वादुपिंडाचा कर्करोग मुळात विरळा, त्यामुळे खरे रुग्ण या गर्दीत मोजकेच.

२०१९ साली अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने लक्षणे नसलेल्या प्रौढांची या कर्करोगासाठी सरसकट चाळणी न करण्याची आपली शिफारस कायम ठेवली.