शरणपुरे आणि सीमा : टूसॉनचा खटला

राज्य म्हटले की सीमा आली आणि सीमा म्हटली की पहारा आला. आपल्या देशात कोणी यावे व कोणी येऊ नये हे ठरविण्याचा शासनाचा अधिकार ख्रिस्तसभेने कधीही नाकारलेला नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या श्रद्धाग्रंथात समृद्ध राष्ट्रांनी आपल्या शक्तीनुसार परक्याचे स्वागत करावे असे सांगितले आहे. पण त्याबरोबरच सार्वजनिक हितासाठी स्थलांतरावर अटी घालण्याची मुभाही राज्यकर्त्यांना दिली आहे. तत्त्व म्हणून हे दोन्ही सहज पटते. अडचण निर्माण होते ती जिवाच्या भयाने पळालेला माणूस प्रत्यक्ष सीमेवर येऊन उभा राहतो तेव्हा. त्याला निर्वासित म्हणावे की घुसखोर? आणि हे ठरवायचे कोणी? विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या प्रश्नावरून सरकार आणि काही ख्रिस्ती मंडळ्या समोरासमोर उभ्या ठाकल्या. त्या वादाचा इतिहास आम्ही येथे मांडू इच्छितो.

अभयाची जुनी परंपरा

जुन्या करारातील गणना या पुस्तकाच्या ३५व्या अध्यायात सहा शरणपुरांची व्यवस्था सांगितली आहे. ज्याच्या हातून नकळत मनुष्यवध घडला त्याने तेथे धाव घ्यावी, म्हणजे सूड घेणाऱ्याच्या हाती तो सापडणार नाही. या व्यवस्थेतील दोन गोष्टी नीट पाहण्यासारख्या आहेत. एक अशी की ती नगरे इस्राएल लोकांसाठी होती तशीच त्यांच्यात राहणाऱ्या परक्यांसाठीही होती. दुसरी अशी की शरणपुरात शिरलेला माणूस न्यायातून सुटत नसे. मंडळीसमोर उभे राहून त्याला आपली कैफियत द्यावी लागे आणि जाणूनबुजून खून केल्याचे ठरल्यास शिक्षाही भोगावी लागे. चौकशीपूर्वी त्याचा बळी जाऊ नये, एवढीच हमी शरणपूर देत असे. वाचकांनी हा मुद्दा ध्यानात ठेवावा. पुढील सर्व कथेचा गाभा तोच आहे.

ख्रिस्ती युगात हा मान मंदिरांकडे आला. ५११ सालच्या ऑर्लेआं येथील धर्मपरिषदेने मंदिरात आश्रय घेतलेल्यास बळाने बाहेर काढण्यास मनाई केली. मध्ययुगीन युरोपात ही प्रथा सर्वत्र रूढ झाली. पुढे राजसत्ता बळकट झाली, न्यायालये स्थिरावली आणि मंदिराचा हा विशेषाधिकार आक्रसत गेला. इंग्लंडमध्ये तो सतराव्या शतकात पहिल्या जेम्स राजाच्या कारकिर्दीत कायद्याने संपला. १९१७च्या कॅनन कायद्यात मंदिराच्या आश्रयाधिकाराचे कलम होते. १९८३च्या नव्या संहितेत ते उरले नाही. योगायोग असा की संहितेतून हे कलम गळाले त्याच सुमारास ॲरिझोनाच्या वाळवंटात ती विस्मृत प्रथा पुन्हा जिवंत झाली होती.

माणसे का पळत होती

एल साल्वादोर हा मध्य अमेरिकेतील चिमुकला देश. मोजक्या घराण्यांच्या हाती जमीन, शेतमजुरांच्या हाती दारिद्र्य आणि राज्यावर लष्कराची पकड, असे तेथील चित्र होते. २४ मार्च १९८० रोजी राजधानीतील एका रुग्णालयाच्या प्रार्थनालयात मिस्सा अर्पण करीत असताना आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांची गोळी घालून हत्या झाली. त्याच वर्षी २ डिसेंबरला इटा फोर्ड, मॉरा क्लार्क व डोरोथी केझल या तीन अमेरिकन धर्मभगिनी आणि जीन डोनोव्हन ही प्रापंचिक सेविका यांचा सैनिकांनी खून केला. १९९२च्या जानेवारीत शांतता करार होईपर्यंत चाललेल्या यादवी युद्धात सुमारे ७५,००० माणसे बळी पडली. शेजारच्या ग्वाटेमालात तर १९६०पासून ही आग धुमसत होती; १९९९ साली तेथील सत्यशोधन आयोगाने मृत व बेपत्ता झालेल्यांचा आकडा दोन लाखांहून अधिक असल्याचा निष्कर्ष काढला. त्यांतील बहुसंख्य माया वंशाचे आदिवासी होते.

या आगीतून सुटलेली माणसे मेक्सिको ओलांडून उत्तरेकडे चालत होती. जुलै १९८०मध्ये ॲरिझोनाच्या ऑर्गन पाइप वाळवंटात अशा एका टोळक्यातील १३ जण तहानेने तडफडून मेले. वाचलेल्यांची शुश्रूषा टूसॉन शहरातील मंडळ्यांनी केली आणि मरणाला न जुमानता ही माणसे का येतात, हे तेथील लोकांना प्रथमच त्यांच्या तोंडून कळले.

कायदा आणि त्याची अंमलबजावणी

अमेरिकेत आश्रयाचा कायदाच नव्हता असे कोणी समजू नये. रोमेरोंच्या हत्येच्या आठवडाभर आधी, १७ मार्च १९८० रोजी, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी निर्वासितविषयक नव्या कायद्यावर सही केली होती. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट वा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची रास्त भीती ज्याला वाटते तो निर्वासित, ही संयुक्त राष्ट्रांच्या १९५१च्या करारातील व्याख्या त्या कायद्याने स्वीकारली. तो कोणत्या देशातून आला, त्या देशाचे सरकार आपल्या मैत्रीतले की वैरातले, याचा विचार करू नये असा या कायद्याचा आशय होता.

प्रत्यक्षात मात्र नेमका तोच विचार होत राहिला. १९८१मध्ये रेगन सत्तेवर आले. साम्यवादाला पायबंद घालण्यासाठी त्यांचे शासन एल साल्वादोरच्या सरकारला पैसा, शस्त्रे व प्रशिक्षण पुरवीत होते. त्या देशातून पळालेल्यांना निर्वासित म्हणावे, तर आपलेच मित्र सरकार प्रजेचा छळ करते अशी कबुली दिल्यासारखे होई. परिणाम आकड्यांत दिसतो. १९८४ साली आश्रयाचे अर्ज मंजूर होण्याचे प्रमाण इराणी लोकांच्या बाबतीत ६० टक्के, अफगाणांच्या बाबतीत ४० टक्के, पोलिश लोकांच्या बाबतीत ३२ टक्के होते. साल्वादोर व ग्वाटेमालातील लोकांच्या बाबतीत मात्र ते ३ टक्क्यांहूनही कमी होते. कायदा एकच होता, परंतु तराजू निरनिराळे होते.

टूसॉनची घोषणा

जिम कॉर्बेट हे क्वेकर पंथाचे, शेळ्या पाळून राहणारे, तत्त्वज्ञान शिकलेले गृहस्थ. मे १९८१मध्ये एक साल्वादोरी तरुण पकडला गेल्याचे त्यांच्या कानी आले आणि त्याच्या शोधात ते कोठड्यांचे उंबरठे झिजवू लागले. आश्रयाचा अर्ज भरण्यापूर्वीच माणसांना विमानात बसवून परत धाडले जाते, हे त्यांना दिसून आले. त्यांनी व टूसॉनच्या मंडळ्यांनी आधी सनदशीर मार्ग धरला. वकील दिले, अर्ज भरले, जामिनाच्या रकमा उभ्या केल्या. अर्ज फेटाळले जातच राहिले. मग कॉर्बेट स्वतः माणसांना सीमेपलीकडून आणू लागले आणि साउथसाइड प्रेस्बिटेरियन मंडळीचे पाळक जॉन फाइफ यांनी आपल्या मंदिरात त्यांची सोय केली.

हे काम गुप्त राहणे शक्य नव्हते. सरकारी पक्षाकडून इशाराही आला. तेव्हा त्यांनी उलट पाऊल टाकले. लपून केले तर लोक आपल्याला चोरट्या वाहतूकदारांत गणतील, म्हणून जे करायचे ते उघड करावे, असा त्यांनी विचार केला. मंडळीने मतदान करून संमती दिली आणि रोमेरोंच्या दुसऱ्या स्मृतिदिनी, २४ मार्च १९८२ रोजी, साउथसाइड मंदिर हे अभयस्थान असल्याचे जाहीर झाले. आपण कोणता कायदा मोडत आहोत व का, हे फाइफ यांनी अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलना पत्राने आधीच कळविले होते. कॅलिफोर्नियातील बर्कली परिसरातील काही मंडळ्यांनी त्याच दिवशी अशीच घोषणा केली. दशकाच्या मध्यापर्यंत प्रोटेस्टंट, कॅथलिक, क्वेकर व ज्यू अशा शेकडो मंडळ्या या कार्यात सामील झाल्या. लॉस एंजेलिसच्या ‘ला प्लासिता’ या जुन्या कॅथलिक मंदिराचे प्रमुख धर्मगुरू फादर लुईस ओलिव्हारेस यांनी १२ डिसेंबर १९८५ रोजी, ग्वादालुपे मातेच्या सणाच्या दिवशी, आपले मंदिर अभयस्थान म्हणून घोषित केले.

मतभेदांची धग

या घटनेकडे केवळ सज्जन विरुद्ध दुर्जन अशा नजरेने पाहणे इतिहासाला धरून होणार नाही. सरकारची बाजूही विचारपूर्वक मांडली जात होती. त्यांचे म्हणणे असे की, येणाऱ्यांपैकी बहुतेक जण पोट भरण्यासाठी येतात. युद्धाची झळ साऱ्या देशाला लागते, म्हणून सारा देशच आश्रयास पात्र ठरत नाही. खरोखर जीव वाचवायचा असता तर ते मेक्सिकोतच थांबले असते. आणि प्रत्येक मंडळीने आपापला कायदा चालविला तर राज्य चालायचे कसे? शेवटचा प्रश्न आम्हालाही हलका वाटत नाही. आज ज्या मुभेने एक मंडळी दुर्बलाला आसरा देते, त्याच मुभेने उद्या दुसरी एखादी अपराध्याला पाठीशी घालू शकेल.

चळवळीतही एकमत नव्हते. शिकागोच्या कार्यकर्त्यांना अमेरिकेचे मध्य अमेरिकेतील धोरण बदलणे हे मुख्य कार्य वाटे. म्हणून लोकांपुढे साक्ष देऊ शकतील अशा निर्वासितांना अग्रक्रम द्यावा असे त्यांचे मत होते. टूसॉनवाल्यांना हे मान्य नव्हते. दारी आलेल्याची उपयुक्तता मोजायची नसते, असे ते म्हणत. ‘आम्ही कायदेभंग करीत नाही, सरकारच आपला १९८०चा कायदा मोडते आहे, आम्ही तो पाळतो आहोत,’ या आशयाची भूमिका कॉर्बेट मांडीत व तिला ते नागरी पुढाकार म्हणत. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने साल्वादोरी लोकांना परत पाठवू नये अशी मागणी सरकारकडे केली. अभयस्थानाच्या चळवळीला मात्र तिने औपचारिक पाठिंबा दिला नाही. काही बिशपांनी आपल्या धर्मग्रामांना आशीर्वाद दिला, काहींनी सबुरीचा सल्ला दिला. आज्ञापालनाचे व्रत आणि सदसद्विवेकाची हाक यांच्यातील हा ताण कोणाही धर्मगुरूला अपरिचित नाही.

खटला

सरकारने मंडळ्यांत आपले खबरे पेरले. ते भाविक म्हणून सभांना व प्रार्थनेला बसत आणि अंगावर लपविलेल्या यंत्राने संभाषणे टिपत. जानेवारी १९८५मध्ये १६ जणांवर आरोप ठेवण्यात आले. प्रत्यक्ष खटला ११ जणांवर चालला. त्यांत फाइफ व कॉर्बेट होते, मेक्सिकोतील नोगालेसचे फादर रामोन दागोबेर्तो किन्योनेस होते, सीमेअलीकडील नोगालेसचे फादर अँथनी क्लार्क होते आणि सिस्टर डार्लिन निकगोर्स्की होत्या.

खटला सुमारे सहा महिने चालला. आपला धार्मिक हेतू, आंतरराष्ट्रीय करार आणि साल्वादोर-ग्वाटेमालातील परिस्थिती यांवर बचाव मांडण्यास न्यायाधीशांनी आरोपींना मनाई केली. कायदा मोडला की नाही, एवढेच ज्यूरीने पाहायचे होते. बचाव पक्षाने एकही साक्षीदार उभा केला नाही. १ मे १९८६ रोजी आठ जण दोषी ठरले, कॉर्बेट यांच्यासह तिघे सुटले. जुलैमध्ये शिक्षा झाली ती मात्र तुरुंगाची नव्हती, प्रोबेशनची होती. ज्या कारणाने ही माणसे न्यायासनापुढे आली ते कारण न्यायासनापुढे येऊच शकले नाही, ही या खटल्यातील सर्वांत बोलकी गोष्ट होय.

त्यानंतर

खटला हरला, पण प्रश्न मिटला नाही. १९८५ सालीच अमेरिकन बॅप्टिस्ट मंडळ्या व इतर संघटनांनी सरकारवर उलट दावा लावला होता. त्याची तडजोड १९९०च्या अखेरीस झाली आणि जानेवारी १९९१मध्ये न्यायालयाने ती मान्य केली. साल्वादोर व ग्वाटेमालाच्या लोकांची लाखाहून अधिक प्रकरणे पुन्हा सुनावणीस पात्र ठरली. आश्रयाचा निर्णय करताना परराष्ट्र धोरणाचा विचार करू नये, हे सरकारने लेखी मान्य केले. नोव्हेंबर १९९०च्या कायद्याने युद्धग्रस्त देशांतील लोकांना तात्पुरते संरक्षण देण्याची सोय झाली आणि तिचा पहिला लाभ साल्वादोरी लोकांना मिळाला. १९९३मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने एल साल्वादोरमधील अत्याचारांच्या तक्रारींपैकी सुमारे ८५ टक्के तक्रारींत सरकारी दले व त्यांच्या साथीदारांवर ठपका ठेवला. पळून आलेले लोक जे सांगत होते, ते बव्हंशी खरे होते. पण तोवर हजारो माणसे परत धाडली गेली होती. चुकीचा निकाल कागदावर दुरुस्त करता येतो. परत पाठविलेला माणूस मारला गेला असेल, तर त्याच्यासाठी फेरसुनावणी नसते.

एक गाठ मात्र सुटली नाही. १९८६च्या कायद्याने सुमारे २७ लाख बेकायदेशीर रहिवाशांना कायदेशीर दर्जा दिला, त्याचबरोबर कागदपत्रांवाचून कामावर ठेवणाऱ्या मालकांना दंडाची तरतूद केली. जे या सवलतीतून वगळले गेले, त्यांतील बहुतेक गोळीला भिऊन आलेले नव्हते; ते उपासमारीला भिऊन आलेले होते. फादर ओलिव्हारेस यांनी १९८७मध्ये त्यांनाही अभय जाहीर केले, तेव्हा चळवळीचे काही मित्रही गोंधळले. छळ आणि दारिद्र्य यांच्यात कायदा रेघ ओढतो. उपाशी लेकरांच्या आईला ती रेघ दिसत नाही. तरीही कायद्याला कोठेतरी रेघ ओढावीच लागते. या पेचावर आमच्यापाशी तयार उत्तर नाही आणि ज्यांच्यापाशी आहे त्यांचे बोलणे आम्ही जपून ऐकतो.

पोप फ्रान्सिस यांनी १४ ऑक्टोबर २०१८ रोजी रोमेरोंना संत म्हणून घोषित केले. वाद मात्र संपलेला नाही. मंदिरे, शाळा व रुग्णालये येथे धरपकड टाळावी, हे अमेरिकन सरकारचे धोरण जानेवारी २०२५मध्ये मागे घेतले गेले आणि पुढच्याच महिन्यात पोप फ्रान्सिस यांनी तेथील बिशपांना पत्र लिहून परत पाठविल्या जाणाऱ्यांच्या मानवी प्रतिष्ठेची आठवण करून दिली.

शरण आलेल्याला मरण देऊ नये, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. आमच्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांतून मुले-मुली परदेशी गेली आहेत. परक्या देशाच्या खिडकीपुढे कागद हातात धरून उभे राहणे म्हणजे काय, हे त्यांच्या आईबापांना कोणी समजावून सांगायला नको. टूसॉनच्या इतिहासातून आम्हाला एवढेच उमगते की राज्याला दार लावण्याचा अधिकार आहे, पण दाराबाहेर कोण आहे व तो का आला हे विचारल्यावाचून दार लावण्याचा अधिकार नाही. शरणपुराचे वेशीदार याहून अधिक काही करीत नसत. ते आत घेत आणि ऐकून घेत. न्याय त्यानंतर होत असे.