वाय-फाय जोडले जात नाही? पासवर्ड काढून टाकू नका

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल आला होता. त्याचा माग नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका सदनिकेपर्यंत पोहोचला. तेथील असुरक्षित वाय-फाय परक्याने वापरले होते. पोलीस चौकशीला मात्र तेथील रहिवाशाला सामोरे जावे लागले. पुढे २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट सेवा पुरवठादारांना वाय-फाय सुरक्षित करण्याच्या सूचना दिल्या.

आजही मुंबई असो वा बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील शाहपूर, घरचा संगणक वाय-फायला जोडला जाईनासा झाला की पासवर्डच काढून टाकण्याचा मोह होतो. तो टाळावा. दोष बहुधा कुलपात नसून किल्लीत असतो.

प्रमाणीकरण म्हणजे संगणक आणि राउटर या दोघांकडे एकच पासवर्ड असल्याची खातरजमा. प्रचलित ‘डब्ल्यूपीए-२’ पद्धतीत त्यासाठी चार संदेशांची देवाणघेवाण होते. प्रत्यक्ष पासवर्ड हवेतून पाठवला जात नाही. त्यातील एक अक्षर चुकले तरी जोडणी नाकारली जाते.

तपासणी पुढील क्रमाने करावी :

१. त्याच पासवर्डने मोबाइल जोडून पाहावा. तो जोडला गेल्यास दोष संगणकाकडे आहे.

२. संगणकात जतन झालेले नेटवर्क ‘फरगेट’ करून पासवर्ड नव्याने भरावा. इंग्रजीतील लहान-मोठी अक्षरे आणि कळफलकाची भाषा तपासावी.

३. नेटवर्कचे नावच दिसत नसेल, तर राउटरचा २.४ गिगाहर्ट्झ पट्टा सुरू करावा. अनेक जुन्या संगणकांना ५ गिगाहर्ट्झ चालत नाही.

४. २०१८ मध्ये आलेली ‘डब्ल्यूपीए-३’ पद्धत जुन्या संगणकांना पेलत नाही. अशा वेळी राउटरवर ‘डब्ल्यूपीए-२’ व ‘डब्ल्यूपीए-३’ यांचा मिश्र पर्याय निवडावा आणि वाय-फायचा ड्रायव्हर अद्ययावत करावा. ‘डब्ल्यूईपी’कडे मात्र वळू नये, तिच्यातील उणिवा २००१ मध्येच उघड झाल्या आहेत.

५. राउटरवर ‘मॅक फिल्टर’ सुरू असल्यास परवानगीच्या यादीत आपल्या संगणकाची नोंद आहे का, ते पाहावे.

राउटर ‘रीसेट’ करणे हा शेवटचा उपाय. त्यामुळे सेवा पुरवठादाराने भरलेली माहितीही पुसली जाऊ शकते. त्यानंतर मूळ पासवर्ड तसाच ठेवू नये. वाय-फायसाठी ८ ते ६३ अक्षरांची मुभा असते. चार-पाच असंबद्ध शब्दांची जोडणी लक्षात ठेवण्यास सोपी आणि ओळखण्यास कठीण ठरते. राउटरच्या सेटिंगचा पासवर्डही बदलावा व ‘डब्ल्यूपीएस’ बंद करावे.