एका यंत्रातले अनेक गळे

गेल्या उन्हाळ्यात सोनईला बहिणीकडे गेलो असता भाच्याने मोबाइल पुढे केला आणि विचारले, "मामा, घेऊ का?" पुण्याच्या एका दुकानात गिटारचा एक परदेशी ॲम्प्लिफायर जवळजवळ निम्म्या किमतीत निघाला होता. वाल्ववर चालणारा, शंभर वॅटचा, चार चॅनेलचा. भाचा चार पोरांच्या वाद्यवृंदात गिटार वाजवतो. लग्नाचे हळदी-समारंभ, गणेशोत्सव, आसपासच्या गावांच्या यात्रा हे त्यांचे कार्यक्रम. दोन हंगामांची शिल्लक त्याच्या खात्यात होती आणि ती सगळीच या एका वस्तूत जाणार होती. मला गिटारमधले कळत नाही. पण नगर जिल्ह्यातल्या लोककलांच्या निमित्ताने आवाज मोठा करण्याच्या साधनांची थोडीफार माहिती गोळा केली होती. म्हणून त्याला म्हटले, "चॅनेल म्हणजे काय ते आधी सांग, मग पाहू." त्याच्या उत्तरापासून जो शोध सुरू झाला, तो येथे मांडतो.

भाचा म्हणाला, "चॅनेल म्हणजे एकाच गिटारचे वेगवेगळे आवाज. एक स्वच्छ, एक खरखरीत, एक त्याहून जोरकस. पायाने बटण दाबले की आवाज बदलतो." आज हा अर्थ बरोबर आहे. पण या शब्दाचा पहिला अर्थ हा नव्हता.

वीज येण्यापूर्वी आपल्याकडे आवाज मोठा करण्याचे साधन माणूसच होते. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी उभे असतात. शाहिराने ओळ टाकली की ते ती उचलतात, ताणतात आणि त्याला श्वास घ्यायला उसंत देतात. तमाशाच्या फडात हेच काम सुरत्ये करतात, कीर्तनात टाळकरी. नेवासे तालुक्यात, ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली त्या परिसरात, संध्याकाळच्या हरिपाठाला आजही हीच रचना ऐकू येते. पुढे एक गळा आणि मागे वीस. शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत शब्द पोचतो तो या वीस गळ्यांमुळे.

विजेवरचे ध्वनिवर्धक आपल्याकडे आले ते मुख्यतः सभांसाठी. नानिक मोटवाने यांच्या मुंबईच्या शिकागो रेडिओने 1930 च्या दशकात काँग्रेसच्या अधिवेशनांना आणि गांधीजींच्या सभांना लाऊडस्पीकर पुरवले. त्यांच्या कर्ण्यांवरचे नाव त्या काळच्या सभांच्या छायाचित्रांत दिसते. खेड्यांत हे यंत्र मागाहून, मंडपवाल्याबरोबर आले. 1960 साली महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाल्यावर गावोगाव वीज पोचू लागली. जिथे तार पोचली नव्हती तिथे मोटारीच्या बॅटरीवर काम भागे. मंडपवाल्याकडच्या आहुजासारख्या देशी ॲम्प्लिफायरची पुढची पट्टी पाहिली तर तिच्यावर माइकसाठी तीन-चार तोंडे आणि प्रत्येकाला आवाजाची स्वतंत्र कळ दिसते. एका तोंडात कीर्तनकार, दुसऱ्यात पेटी, तिसऱ्यात पखवाज. चॅनेल म्हणजे माणसामागे एक वाट.

गिटारच्या ॲम्प्लिफायरचा आरंभही असाच झाला. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन या लहान गावात लिओ फेंडरने 1938 साली रेडिओदुरुस्तीचे दुकान काढले. त्याला गिटार वाजवता येत नसे. दुरुस्तीला येणाऱ्या वादकांच्या तक्रारी ऐकत तो ॲम्प्लिफायर बनवू लागला. त्याच्या 1940 च्या दशकातल्या काही यंत्रांवर एक तोंड वाद्यासाठी आणि एक माइकसाठी असे. गरीब वाद्यवृंदाकडे यंत्र एकच. गाणारा आणि वाजवणारा दोघेही त्यातच तार खुपसत. इंग्लंडमध्ये 1960 च्या आसपास आलेल्या व्हॉक्सच्या एका प्रसिद्ध यंत्राला तर तीन चॅनेल मिळून सहा तोंडे होती. त्याच इंग्लंडमध्ये अमेरिकी माल महाग पडतो म्हणून ढोलांचे दुकान चालवणाऱ्या जिम मार्शलने 1962 साली दुकानातल्या तंत्रज्ञांकडून फेंडरच्या बासमन या यंत्राची नक्कल करून घेतली. सुटे भाग वापरले ते तिथे मिळतील ते. भाग बदलले तसा आवाजही थोडा बदलला आणि पुढे तोच मार्शलचा आवाज म्हणून जगभर गाजला.

चॅनेलचा अर्थ बदलला तो 1970 च्या दशकात. कॅलिफोर्नियातल्याच रँडल स्मिथने फेंडरच्या एका लहान यंत्रात फेरफार करून त्यातून बराच जास्त जोर काढला आणि मेसा बुगी हा व्यवसाय उभा राहिला. दशक संपता संपता या यंत्रांत पायाच्या बटणाने चॅनेल बदलण्याची सोय आली. आता तोंड एकच, वादक एकच, आणि आतल्या वाटा दोन. पुढे तीन झाल्या, चार झाल्या. मार्शलने 2007 साली काढलेल्या एका यंत्रात चार चॅनेल आणि प्रत्येकाच्या तीन तऱ्हा, म्हणजे एका गिटारला बारा आवाज आहेत. जे यंत्र अनेकांना सामावून घेण्यासाठी घडले, त्याच्या सगळ्या वाटा एका माणसाच्या झाल्या.

आपल्याकडे हे स्थित्यंतर पोचले नाही, याला कारणे आहेत. 1991 पूर्वी असा परदेशी माल आणायचा तर आयात परवाना आणि जबर जकात आड येई. परदेशातून येणाऱ्या कुणाच्या सामानातून एखादे यंत्र येई, तेवढेच. आपल्या मिरवणुकांनी वेगळी वाट काढली. जपानमध्ये नागोयाच्या गोरो मोरिता यांनी 1912 साली कळा दाबून वाजवायचे तैशोगोतो नावाचे तंतुवाद्य बनवले. भारतात ते बुलबुलतरंग झाले आणि महाराष्ट्रात बेंजो. त्याला पिकअप बसवून, ॲम्प्लिफायर आणि कर्णे गाडीवर चढवून बेंजो पार्टी निघाली. तिथेही यंत्र सगळ्यांचे आणि वाटा वाद्यागणिक.

एवढे सांगून झाल्यावर भाच्याचा प्रश्न उरलाच होता. इतकी चांगली वस्तू निम्म्या किमतीत का? याचेही उत्तर इतिहासात आहे. 1998 साली लाइन सिक्स कंपनीचे पॉड नावाचे मुठीएवढे नव्हे, पण हातात मावणारे यंत्र आले. वाल्वच्या ॲम्प्लिफायरच्या आवाजाची ते संगणकी नक्कल करी. 2011 साली केम्परचे यंत्र आले; ते तर समोरच्या ॲम्प्लिफायरचा आवाज टिपून घेते. तेव्हापासून वीस-बावीस किलोंचे धूड गाडीत घालून नेण्याची अनेक वादकांची गरज संपली. अशा यंत्राला गिऱ्हाईक कमी आणि ते अडवते ती जागा मोठी.

वॅटचेही गणित मांडून पाहिले. ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला ताकद साधारण दहापट लागते. म्हणजे शंभर वॅट हे पन्नासपेक्षा जरासेच मोठे. शिवाय 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीत दिवसाची मर्यादा 55 डेसिबल ठरवली आहे आणि रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद. मोठ्या मंचावर गिटारपुढे माइक ठेवून आवाज साउंडवाल्याकडेच जातो. शंभर वॅट पुरते उघडण्याची वेळ सोनईत कधी येणार?

तरी मी "घेऊ नकोस" म्हणालो नाही. कारण याच इतिहासात उलटा दाखलाही आहे. 1951 च्या 'रॉकेट 88' या ध्वनिमुद्रिकेत गिटारचा जो खरखरीत आवाज आहे, तो प्रवासात ॲम्प्लिफायरला इजा झाल्यामुळे आला, असे सांगतात. हिशेबात न बसणाऱ्या यंत्रातूनही नवे संगीत निघालेले आहे. पोराची हौस वह्यांच्या आधारे मोडायचा अधिकार मला नव्हता.

म्हणून आम्ही दोघे गावातल्या एका जुन्या कारागिराकडे गेलो. त्यांचे वय आता पंचाहत्तरीपुढे. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये रेडिओचे वाल्व बनत, त्या काळापासून ते वाल्वचे रेडिओ दुरुस्त करत आले. भाच्याने यंत्राच्या आतला फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिला. म्हणाले, "वाल्व माझ्या ओळखीचे आहेत. ट्रान्सफॉर्मर जळाला तर गुंडाळून देईन. पण हे वाल्व पट्टीवर बसवलेत आणि चॅनेल बदलायला इतके रिले. यातला एक जरी बिघडला तर मला सापडणार नाही. माझ्यामागं तर कुणालाच नाही." मग थांबून त्यांनी विचारले, "एकच चॅनेलचा, हातानं जोडलेला, लहान मिळतो का? तो मी तुला शिकवीन."

परतताना भाचा काही बोलला नाही. घरी आल्यावर त्याने दुकानात फोन करून नाही सांगितले. दिवाळीच्या तोंडावर बहिणीचा फोन आला तेव्हा कळले की त्याने सुटे भाग मागवले आहेत, पाच वॅटचा आणि एका चॅनेलचा ॲम्प्लिफायर जोडायला घेतला आहे, आणि रोज संध्याकाळी तो त्या कारागिरांच्या ओट्यावर असतो. त्याला दोन तोंडे ठेव, असे त्यांनी सांगितले आहे. एक गिटारला, एक गाणाऱ्याला.