एजवूड शालेय जिल्हा : स्थानिक नियंत्रण, मालमत्ता कर आणि शैक्षणिक विषमता

प्रस्तावना

अमेरिकेतील सार्वजनिक शिक्षणाचा इतिहास आपल्याकडे मुख्यतः १९५४ च्या ब्राऊन खटल्याच्या अनुषंगाने परिचित आहे. गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य ठरविणारा तो निर्णय सर्वश्रुत आहे. त्यानंतर १९ वर्षांनी, २१ मार्च १९७३ रोजी, त्याच सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या आर्थिक विषमतेविषयी दिलेला निर्णय मात्र तुलनेने अपरिचित राहिला. टेक्सास राज्यातील सॅन अँटोनिओ शहराच्या पश्चिम भागात असलेल्या एजवूड या लहानशा शालेय जिल्ह्यातून हा खटला उभा राहिला. प्रस्तुत निबंधात या जिल्ह्याचा कारभार, त्याची आर्थिक घडी आणि तेथील विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा दर्जा यांचा परस्परसंबंध ऐतिहासिक दृष्टीने तपासला आहे. 'स्थानिक नियंत्रण' या तत्त्वाचा आधार घेऊन न्यायालयाने राज्याची वित्तव्यवस्था वैध ठरविली. ते नियंत्रण एजवूडच्या पालकांच्या हाती प्रत्यक्षात कितपत होते, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

शालेय जिल्हा : संज्ञा आणि रचना

'जिल्हा' या शब्दामुळे मराठी वाचकाचा गैरसमज होण्याचा संभव आहे. अमेरिकेतील शालेय जिल्हा हा महसुली जिल्हा नव्हे. एका शहरात असे अनेक जिल्हे असू शकतात; सॅन अँटोनिओ महानगर परिसरात १९६८ साली सात होते. प्रत्येकाला स्वतःचे निर्वाचित विश्वस्त मंडळ, त्या मंडळाने नेमलेला अधीक्षक आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपल्या हद्दीतील मालमत्तेवर कर बसविण्याचा अधिकार असतो. महाराष्ट्रात १९६२ मध्ये स्थापन झालेल्या जिल्हा परिषदांकडेही प्राथमिक शाळांचा कारभार आला. परंतु तेथे शिक्षकांचे वेतन राज्याच्या अनुदानातून भागते. एखाद्या गावातील घरांची किंमत कमी आहे म्हणून तेथील शाळेला कमी शिक्षक, असे थेट समीकरण आपल्या व्यवस्थेत नाही. टेक्सासमध्ये ते होते.

टेक्सासच्या १८७६ च्या राज्यघटनेने मोफत सार्वजनिक शाळांची 'कार्यक्षम' व्यवस्था उभारण्याचे कर्तव्य विधिमंडळावर सोपविले. १८८३ च्या घटनादुरुस्तीने स्थानिक शालेय जिल्ह्यांना मालमत्ता कर आकारण्याची मुभा दिली. पुढे उद्योग आणि लोकवस्ती ठरावीक भागांत एकवटू लागली, तसतसे जिल्ह्याजिल्ह्यांतील करपात्र संपत्तीचे अंतर वाढत गेले. ते कमी करण्याच्या हेतूने १९४९ मध्ये गिल्मर-एकिन कायदे संमत झाले आणि किमान पायाभूत शालेय कार्यक्रम सुरू झाला. या कार्यक्रमाचा सुमारे ८० टक्के खर्च राज्याने आणि उरलेला २० टक्के सर्व जिल्ह्यांनी मिळून आपापल्या करक्षमतेनुसार उचलावा, अशी योजना होती. हा वाटा भरल्यानंतर जिल्ह्याकडे जो स्थानिक कर शिल्लक राहील तो त्याने आपल्याच शाळांवर खर्च करावयाचा होता. विषमतेचे मूळ या शिलकीत होते.

दोन शेजारी

खटल्यात मांडलेली १९६७-६८ या वर्षाची आकडेवारी येथे सविस्तर देणे आवश्यक आहे. एजवूडमध्ये २५ शाळा आणि सुमारे २२,००० विद्यार्थी होते. त्यांपैकी सुमारे ९० टक्के मेक्सिकन वंशाचे, तर ६ टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय होते. हा निवासी भाग असल्याने तेथे व्यापारी व औद्योगिक मालमत्ता नगण्य होती. दर विद्यार्थ्यामागे करपात्र मालमत्तेचे मूल्य ५,९६० डॉलर, म्हणजे सर्व महानगर परिसरात सर्वांत कमी होते. कराचा दर मात्र दर १०० डॉलरमागे १.०५ डॉलर, म्हणजे परिसरात सर्वांत अधिक होता. पायाभूत कार्यक्रमाचा वाटा भरून या करातून दर विद्यार्थ्यामागे २६ डॉलर उरत. त्यात राज्याचे २२२ आणि संघ शासनाचे १०८ डॉलर मिळून एकूण ३५६ डॉलर होत.

त्याच शहरातील अलामो हाइट्स या जिल्ह्यात ६ शाळा आणि सुमारे ५,००० विद्यार्थी होते, बहुसंख्य गोरे. दर विद्यार्थ्यामागे करपात्र मालमत्ता ४९,००० डॉलरहून अधिक होती. कराचा दर ८५ सेंट होता आणि तरीही वाटा भरून ३३३ डॉलर उरत. राज्याचे २२५ आणि संघ शासनाचे ३६ डॉलर धरून एकूण रक्कम ५९४ डॉलर होई.

म्हणजे ज्यांनी स्वतःवर अधिक कर लादून घेतला त्यांच्याच मुलांच्या वाट्याला कमी पैसा आला. एजवूडचे पालक शिक्षणाविषयी उदासीन होते, असे म्हणण्यास या आकड्यांत यत्किंचितही आधार सापडत नाही. विशेष म्हणजे विषमता कमी करण्यासाठी असलेले राज्याचे अनुदानही श्रीमंत जिल्ह्याला किंचित अधिक मिळत होते. १९७०-७१ मध्ये तर राज्याच्या कार्यक्रमातून एजवूडला दर विद्यार्थी ३५६, तर अलामो हाइट्सला ४९१ डॉलर मिळाले. याचे कारण अनुदानाच्या सूत्रात होते. अनुदान मुख्यतः शिक्षकांच्या वेतनाशी जोडलेले होते आणि वेतन पदवी व अनुभवावर ठरत असे. स्थानिक करातून जादा पैसा देऊन अधिक पात्र शिक्षक नेमू शकणारा जिल्हा त्यांच्याच बळावर राज्याकडून अधिक रक्कम मिळवी. १९६८-६९ मध्ये एजवूडमधील सुमारे ४७ टक्के शिक्षक तात्पुरत्या आणीबाणी परवान्यावर शिकवीत होते. अलामो हाइट्समध्ये हे प्रमाण ११ टक्के होते.

१९६८ : विद्यार्थी आणि पालक

१६ मे १९६८ रोजी एजवूड हायस्कूलमधील सुमारे ४०० विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर पडले आणि मोर्चाने जिल्हा अधीक्षकांच्या कार्यालयावर गेले. मोडकळीस आलेली इमारत, अपुरे शैक्षणिक साहित्य आणि पात्र शिक्षकांचा अभाव या त्यांच्या तक्रारी होत्या. त्यानंतर पालक संघटित झाले. त्यांच्यापैकी डेमेट्रिओ रॉड्रिग्ज हे माजी सैनिक केली हवाई तळावर पत्राकाम करणारे कामगार होते. त्यांची मुले एजवूडच्या प्राथमिक शाळेत शिकत होती. प्रारंभी पालकांचा समज असा होता की दोष जिल्ह्याच्या कारभाऱ्यांचा आहे. पैसा आहे, पण तो नीट खर्च होत नाही. वकील आर्थर गॉकमन यांनी हिशेब पाहून त्यांच्या लक्षात आणून दिले की खर्च करण्यासाठी पैसाच नाही. गाऱ्हाण्याचा रोख अशा रीतीने स्थानिक मंडळाकडून राज्याच्या वित्तव्यवस्थेकडे वळला. या खटल्याच्या इतिहासातील हे निर्णायक वळण होय.

दावा १९६८ च्या उन्हाळ्यात दाखल झाला. परिसरातील सातही शालेय जिल्हे आरंभी प्रतिवादी होते. पुढे त्यांना वगळण्यात आले. ज्याच्या नावाने हा खटला आजही ओळखला जातो तो सॅन अँटोनिओ जिल्हा तर नंतर वादींच्या बाजूनेच उभा राहिला, हे कित्येक संक्षिप्त वृत्तान्तांतून निसटून जाते. डिसेंबर १९७१ मध्ये तीन न्यायाधीशांच्या संघीय न्यायालयाने पालकांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सेरानो खटल्यात असाच निर्णय दिला होता. त्यामुळे वादींच्या आशा उंचावल्या होत्या.

१९७३ चा निर्णय

संघीय सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो निकाल फिरविला. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांनी लिहिले. न्यायमूर्ती होण्यापूर्वी ते व्हर्जिनियातील रिचमंडच्या शाळा मंडळाचे अध्यक्ष होते. स्थानिक मंडळांविषयीचा त्यांचा आदर पुस्तकी नव्हता. त्यांच्या मते शिक्षण हा संघीय घटनेने स्पष्टपणे किंवा गर्भितपणे संरक्षिलेला मूलभूत अधिकार नाही. गरीब जिल्ह्यात राहणाऱ्यांचा असा निश्चित वर्गही सिद्ध होत नाही. आणि व्यवस्थेत उणिवा असल्या तरी स्थानिक नियंत्रण टिकविण्याच्या वैध हेतूशी तिचा तर्कसंगत संबंध आहे.

न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांचे भिन्नमत या शेवटच्या मुद्द्यावर नेमके बोट ठेवते. त्यांच्या गणितानुसार त्याच काउंटीतील सर्वाधिक उत्पन्न मिळविणाऱ्या जिल्ह्याची बरोबरी करण्यासाठी अलामो हाइट्सला दर १०० डॉलरमागे ६८ सेंट कर पुरला असता, एजवूडला ५.७६ डॉलर बसवावे लागले असते. राज्याच्या कायद्याने मात्र शाळा चालविण्यासाठीच्या कराची कमाल मर्यादा १.५० डॉलर ठरविली होती. म्हणजे एजवूडच्या मतदारांनी एकमुखाने ठरविले असते तरी कायद्याने त्यांना शेजाऱ्याइतका खर्च करता आला नसता. ज्या जिल्ह्याला निवडच करता येत नाही त्याच्या बाबतीत स्थानिक नियंत्रणाचे समर्थन पोकळ ठरते, हा व्हाइट यांचा युक्तिवाद प्रस्तुत लेखकास निकालपत्रातील सर्वांत सबळ भाग वाटतो. पॉवेल यांच्या मतात त्याला पुरेसे उत्तर सापडत नाही.

खर्च आणि विद्यार्थ्यांची गुणवत्ता

पैसा अधिक खर्च केल्याने शिक्षण सुधारते काय, हा प्रश्नही बहुमताने वादग्रस्त ठरवून बाजूला ठेवला. १९६६ च्या कोलमन अहवालाची पार्श्वभूमी त्यास होती. शाळेतील साधनांपेक्षा कौटुंबिक पार्श्वभूमीचा विद्यार्थ्यांच्या यशाशी अधिक संबंध आहे, असे त्या अहवालाचे प्रतिपादन होते. ब्राऊन खटल्यात वकील म्हणून उभे राहिलेले थर्गुड मार्शल आता न्यायमूर्ती या नात्याने भिन्नमत नोंदवीत होते. पैशाला महत्त्व नसेल तर देशातील धनाढ्य शालेय जिल्हे ही व्यवस्था टिकावी म्हणून इतक्या हिरिरीने न्यायालयात का आले, असा त्यांचा प्रश्न होता.

या वादावर पुढील काळातील संशोधनाने बराच प्रकाश टाकला. न्यायालयीन आदेशांमुळे ज्या राज्यांत शालेय वित्तव्यवस्था बदलली तेथील मुलांचा प्रौढ वयापर्यंत मागोवा घेणारा जॅक्सन, जॉन्सन व पर्सिको यांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. शालेय शिक्षणाच्या बाराही वर्षांत दर विद्यार्थी खर्च १० टक्क्यांनी वाढल्यास पुढील आयुष्यातील वेतन सुमारे ७ टक्क्यांनी वाढते आणि हा परिणाम गरीब कुटुंबांतील मुलांवर अधिक ठळक असतो, असे त्यांना आढळले. १९७३ मध्ये असा पुरावा न्यायालयासमोर नव्हता हे खरे. परंतु पुराव्याच्या अभावाचा भार मुलांवर टाकावा की राज्यावर, हा निवाडा न्यायालयाचाच होता.

राज्य न्यायालयातील लढा आणि पुढील काळ

संघीय मार्ग बंद झाल्यावर १९८४ मध्ये एजवूड जिल्ह्यानेच इतर गरीब जिल्ह्यांसह राज्य न्यायालयात दावा दाखल केला. या वेळी आधार होता १८७६ च्या राज्यघटनेतील 'कार्यक्षम' या शब्दाचा. २ ऑक्टोबर १९८९ रोजी टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने वित्तव्यवस्था घटनाबाह्य ठरविली. एजवूडमध्ये दर विद्यार्थी मालमत्ता आता ३८,८५४ डॉलर, तर अलामो हाइट्समध्ये ५,७०,१०९ डॉलर होती. १९६८ मधील सुमारे आठपटींचे अंतर जवळजवळ पंधरापटींवर गेले होते.

विधिमंडळाच्या पहिल्या दोन उपाययोजना न्यायालयाने अमान्य केल्या आणि मे १९९३ मध्ये मतदारांनी एक घटनादुरुस्ती फेटाळली. त्याच महिन्यात संमत झालेल्या कायद्याने श्रीमंत जिल्ह्यांच्या ठरावीक मर्यादेपलीकडील संपत्तीचा लाभ इतरांकडे वळविला. 'रॉबिन हूड' या टोपणनावाने ओळखली जाणारी ही योजना १९९५ मध्ये वैध ठरली.

एजवूडच्या अडचणी तेवढ्याने संपल्या नाहीत. १९९८ ते २००८ या काळात एका खाजगी प्रतिष्ठानाने येथील मुलांना खाजगी शाळांत जाण्यासाठी ५ कोटी डॉलरची शिष्यवृत्ती योजना राबविली. विद्यार्थिसंख्या पुढे १९६८ च्या निम्म्याहूनही खाली आली. राज्याचे अनुदान विद्यार्थिसंख्येवर अवलंबून असल्याने प्रत्येक गळतीबरोबर उत्पन्न घटते. इमारती मात्र तितक्याच राहतात. शिवाय विश्वस्त मंडळातच बेबनाव माजला. डेमेट्रिओ रॉड्रिग्ज २०१३ मध्ये निवर्तले. त्यानंतर तीन वर्षांनी, २०१६ मध्ये, राज्याच्या शिक्षण खात्याने एजवूडचे निर्वाचित विश्वस्त मंडळ बाजूला सारून तेथे आपले व्यवस्थापक मंडळ नेमले. त्याच वर्षी मे महिन्यात टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याची शालेय वित्तव्यवस्था सदोष, तरीही घटनेच्या किमान निकषांत बसणारी असल्याचा निर्णय दिला.