ब्लड कॅन्सरमधून वाचलेल्या माणसाला सर्दी का भोवते?



आपल्याकडं एखादा पेशंट मुंबईहून बोन मॅरो ट्रान्सप्लांट करून घरी आला, की भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. नाही गेलं तर "साधं बघायलाही आले नाहीत" असा बोल लागतो. यातली माया खरी असते, पण या आजारात ती जिवावर बेतू शकते. का, ते कळायला थोडा इतिहास बघावा लागेल.

जून 1918 मध्ये मुंबईत तापाची साथ आली. पुढं ती रेल्वेनं देशभर पसरली आणि एक कोटीहून जास्त माणसं गेली. तेव्हा आपलं जालना निजामाच्या राज्यात होतं. ही साथ कशामुळं आली हे कुणालाच ठाऊक नव्हतं. माणसातला फ्लूचा विषाणू सापडला थेट 1933 मध्ये.

ब्लड कॅन्सरवरचा इलाज त्याहून नवा. मुंबईचं टाटा हॉस्पिटल 1941 ला सुरू झालं, पण देशातलं पहिलं यशस्वी बोन मॅरो ट्रान्सप्लांट तिथं व्हायला 1983 उजाडलं. ते केलं डॉ. सुरेश अडवाणी यांनी. लहानपणी पोलिओनं पाय गेलेला हा माणूस व्हीलचेअरवरून काम करायचा. पेशंट होती नऊ वर्षांची मुलगी आणि मॅरो दिला तिच्या भावानं.

या इलाजात जबर औषधांनी पेशंटचा जुना मॅरो संपवतात आणि दात्याच्या पेशी शिरेतून देतात. पांढऱ्या पेशी काही आठवड्यांत परत येतात, पण पूर्ण प्रतिकारशक्ती यायला वर्ष किंवा त्याहून जास्त लागतं. लहानपणी घेतलेल्या लसींचा असरही जातो, त्या नव्यानं घ्याव्या लागतात. म्हणजे माणूस चाळिशीचा असला तरी प्रतिकारशक्ती तान्ह्या बाळाची!

म्हणून जो विषाणू आपल्या नाकातून आठवडाभरात निघून जातो, तोच त्यांच्या छातीत उतरून न्यूमोनिया करतो. कधीकधी ताप येतच नाही, त्यामुळं उशिरा लक्षात येतं. फ्लूवर निदान औषध आहे, तेही लवकर सुरू केलं तर उपयोगी. सर्दीच्या बऱ्याच विषाणूंवर खात्रीचं औषध आजही नाही.

2009 मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला, तेव्हा राज्यभर मास्कसाठी झुंबड उडाली. साथ ओसरली, मास्क गेले. मग 2020 चा कोरोना. राज्याचे आरोग्यमंत्री तेव्हा आपल्याच जिल्ह्याचे, राजेश टोपे. त्या वर्षी देशोदेशीच्या ब्लड कॅन्सर पेशंटची आकडेवारी एकत्र केली गेली. कोरोना झालेल्या मोठ्या वयाच्या पेशंटपैकी साधारण एक तृतीयांश दगावले होते, त्यातले बहुतेक हॉस्पिटलात भरती झालेले. पुढं लस आली, पण यातल्या अनेकांच्या अंगात तिचा असर कमीच दिसला.

दोन्ही साथींनंतर आपण मास्क टाकले. या घरांना ती सोय नाही.

ट्रान्सप्लांटच्या खोलीत हवा गाळून सोडतात. अंबड, परतूर, भोकरदनच्या घरात ते मशीन कुठून येणार? तिथली गाळणी म्हणजे आपण, शेजारीपाजारी आणि सोयरे. मला वाटतं, एवढं तर आपण करूच शकतो:

नाक गळत असेल, घसा खवखवत असेल तर जाऊ नका, फोन करा. लहान लेकरांना नेऊ नका. गेलातच तर मास्क लावा, साबणानं हात धुवा आणि पाच मिनिटांत निघा. घरच्यांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यावी. पेशंटला साधी सर्दी वाटली तरी मेडिकलवरून गोळी आणू नका, त्याच दिवशी डॉक्टरला कळवा.

आणि एक. त्या घरच्या बाईनं दारातूनच "आत येऊ नका" म्हटलं, तर राग धरू नका. लाखो रुपये आणि वर्षभराचे हाल घालून आणलेला जीव ती राखत असते. डबा ओट्यावर ठेवा आणि परत फिरा.