स्वतंत्र संघनक आणि कॉर्नवॉलचे खाणमालक

न्यूकोमेनच्या १७१२ च्या एंजिनात वाफेचे संघनन सिलिंडरमध्येच थंड पाण्याचा फवारा सोडून केले जाई. दट्ट्याच्या प्रत्येक फेरीत थंड झालेला सिलिंडर पुन्हा तापविण्यात बरीचशी वाफ वाया जात असे. जेम्स वॅट याने १७६५ मध्ये संघननासाठी स्वतंत्र पात्र योजिले. सिलिंडर सदैव तप्त व संघनक सदैव थंड, एवढेच त्यामागील तत्त्व होय. १७६९ मध्ये त्यास पेटंट मिळाले आणि १७७५ च्या कायद्याने त्याची मुदत १८०० पर्यंत वाढली.

कॉर्नवॉलच्या तांबे-कथिलाच्या खाणींतील पाणी उपसण्यास लागणारा कोळसा वेल्समधून समुद्रमार्गे आणावा लागे. साहजिकच तेथे या एंजिनाचे स्वागत झाले. परंतु बोल्टन आणि वॅट हे न्यूकोमेनच्या एंजिनाच्या तुलनेत वाचलेल्या इंधनाच्या किमतीचा एक-तृतीयांश हिस्सा मागत. इंधन वाचले खरे, पण बचतीवरच खंड बसला! शेती खंडाने कसणाऱ्यास हा सल वेगळा सांगावा लागत नाही. अनेक खाणमालकांनी देणी थकविली. प्रकरण न्यायालयात गेले. १७९९ मध्ये पेटंट वैध ठरले. पुढच्याच वर्षी त्याची मुदत संपली.